शिकाऊ डॉक्टरणीची मी घेतलेली परीक्षा

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
पोळ्याची कर, सन १९९७

परमस्नेही, वयानं आन् वजनानं वडील, जालन्यासारख्या शहरात राहूनही आम्हा खेडवळांना न विसरणारे जनाब लालमियाँ भाई यांना रखमाजीकडून रामराम आन् सलाम. दोन्हींतला जो आधी पोचेल तो तुम्ही ठेवावा, दुसरा सरदारबी भाबींना द्यावा. इकडं समदे खुशाल. तुमचे गुडघे काय म्हणतात? भाबींचा खोकला बसला का? थोरल्या चिरंजीवांचा टेम्पो अजून चार माणसांनी ढकलल्याबिगर चालू होत न्हाई का? (इथपर्यंत 'तुम्ही' म्हणलो, कारण पत्राची सुरुवात आदबीनं करावी असं आपल्या उर्दूच्या मास्तरांनी आपल्याला छडीनं शिकवलं होतं. आता आदब झाली. आता तू.)

तर लालमियाँ, तू आम्हाला जालना स्टेशनावर काचीगुड्याच्या गाडीत बसवून देल्तं आन् गाडी हलेपर्यंत खिडकीतून शिकवत होता की हैदराबादेत कोणाला काय म्हणायचं. त्याच्यानंतरची हकीकत तुला कळली न्हाई, आन् तू रागावला असशील. पण इकडं आल्यापासून रोज कोणी न कोणी माझ्याकडून ती हकीकत ऐकून जातं, त्याच्यात लिहायला फुरसतच गावली न्हाई. लोकांनी मागून घेतली असं न्हाई, पण मी सांगतो.

सुरुवात तुला माहीत हाय. सूनबाईनं, सत्यशीलानं, माझ्या नातीसाठी, रेणूसाठी, टोपडं शिवलं आन् ते महिन्याभरात बसंना. दुसरं शिवलं, तेही बसंना. मी म्हणलं, आपल्या घराण्यात डोकी मोठीच असतात, माझ्या आजोबाला पागोटं दीडपट लागायचं, लेकरू हुशार निघणार. सत्यशीला मात्र, माझा पोरगा शिवाजी कारखान्यातून सुट्टीला आल्ता तव्हा त्याला घेऊन सरळ जालन्याला लेकरांच्या डॉक्टरकडं गेली. त्यानं शिंप्यासारखी टेप काढून डोकं मोजलं, औरंगाबादला डोक्याच्या आतला फोटो काढायला धाडलं आन् सांगितलं की लेकराच्या मेंदूत पाणी साचून राह्यलं हाय, त्याला वाट काढून द्यावी लागंल, आन् हे काम येरागबाळ्याचं न्हाई. मोठ्यांच्या मेंदूचे डॉक्टर वेगळे, लेकरांच्या मेंदूचे वेगळे. हैदराबादला डॉक्टरकीच्या कॉलेजाच्या मोठ्या दवाखान्यात ते खातं हाय. शिवाजीला एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलनं सुट्टी देली न्हाई (भट्टी काय सासरा हाय का, की दोन दिवस थांब म्हणलं तर थांबंल), म्हणून घरातला जाणता पुरुष म्हणून मी निघालो. शिवाय उर्दू येणारा घरात मी एकटाच.

उर्दूचं आधी सांगतो. तुझ्या-माझ्या वर्गात जी शुद्ध उर्दू शिकवली ती हैदराबादेत आता कोणालाच कळत न्हाई, हे लिहून ठेव. दवाखान्याच्या दारात मी शिपायाला अत्यंत नम्रपणे विचारलं की, जनाबे-आली, अतफाल के दिमाग़ का शोबा किस जानिब वाक़े है? म्हणजे, लेकरांच्या मेंदूचं खातं कुणीकडं, एवढंच. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मंग सत्यशीलाकडं पाह्यलं आन् तिला विचारलं, "बड़े मियाँ को क्या हुआ, अम्मा? गिरे क्या?" सत्यशीलानं रेणूचं डोकं दाखवलं. तो म्हणला, "हौ, ऊपर जाओ." झालं. पोरीला उर्दूचं अक्षर येत न्हाई आन् ती मला वर घेऊन गेली.

वर गेलो तर भिंतींवर बदकं काढलेली. मला हे पसंत पडलं न्हाई. मेंदूचा दवाखाना म्हणल्यावर काहीतरी दहशत पाहिजे. तिथं खाटांवर लेकरं, काहींची डोकी पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेली, आन् एक तसंच पट्टी बांधलेलं पोरगं तीनचाकी सायकल घेऊन इतक्या जोरात आलं की माझ्या अंगठ्यावरून गेलं. मागून त्याची आजी, परभणीकडची रहिमाबी, ओरडत आली. मी पाय धरून विचारलं, ह्याला काय झालं होतं? ती म्हणली, डोक्यात गाठ होती, आल्ता तव्हा चालत न्हव्हता. मी म्हणलं, आता थोडा कमी चालला तरी हरकत न्हाई.

तेवढ्यात एक पोरगी आली. पोरगीच म्हणतो. पायात रबरी चपला, केसांचा आंबाडा पेनानं खोचलेला, बारावीच्या परीक्षेला निघाल्यासारखी. तिनं रेणूला मांडीवर घेतलं, टाळूवरून असं बोट फिरवलं जसं आपण पिकल्या सीताफळावरून फिरवतो, डोळ्यांत बघितलं (रेणूचे डोळे तव्हा सारखे खाली उतरायचे, वर बघायचीच न्हाई), आन् सत्यशीलाला लई बारीक-बारीक विचारत बसली. दूध कसं पिते, झोपते कशी, उलटी कव्हा होते. मला एक सवाल न्हाई. शेवटी मी विचारलं, बाई, डॉक्टर कव्हा येणार? ती म्हणली, "मैंच डॉक्टर हूँ दादा. सुहासिनी. परसों बच्ची का आपरेशन है, मैं और हमारे राव सर करेंगे."

मी म्हणलं, तुम्ही शिकलेल्या कुठं? ती हसून म्हणली, "अभी सीखतीच हूँ."

लालमियाँ, माझ्या पायाखालची फरशी सरकली. तुला ठाऊक हाय, आपल्या अप्परावच्या पोरानं शिकाऊ परवाना काढून ट्रॅक्टर चालवला तव्हा काय झालं. पुढं लाल अक्षरात शिकाऊची पाटी होती तरी ट्रॅक्टर मारुतीच्या पारावर चढला. पार दगडाचा होता म्हणून वाचला. आन् हे माझ्या नातीचं डोकं! मी सत्यशीलाला म्हणलं, गाठोडं बांध. ती म्हणली, "मामंजी, मी न्हाई उठणार. त्यांचा हात बघितला का तुम्ही? रेणू एकदाबी रडली न्हाई." मी म्हणलं, न रडायला काय, ती बारश्यालाही रडली न्हव्हती. पण ती उठली न्हाई. सही घरच्या वडीलधाऱ्याची लागणार म्हणून मी सांगितलं की मी आधी चौकशी करणार, मंग सही करणार. डॉक्टरीण म्हणली, बिलकुल करा, बराबर हाय. इतक्या लवकर कबूल झाली की मला अजून शक आला.

मंग मी तिची परीक्षा घेतली. ती व्हरांड्यात खुर्चीवर बसल्ती आन् मी समोरच्या बाकावर. विचारलं, किती शिक्षण? तिनं सांगितलं, आधी साधी डॉक्टरकी साडेपाच वर्षं, मंग तीन वर्षं पोट-आतडी-हाडं असं समदं कापायला आन् शिवायला शिकले, मंग तीन वर्षं मोठ्यांचा मेंदू, आन् आता लेकरांचा मेंदू. मी मनात बेरीज केली आन् हळूच विचारलं (माणसाला लाज वाटू नये म्हणून), मधी किती वेळा नापास झाल्या? ती इतकी हसली की पेन आंबाड्यातून खाली पडलं. म्हणली, एकदाही न्हाई. मी म्हणलं, मंग इतकी वर्षं काहून लागली? आमच्या गावातला कचरू तर सहा महिन्यांत डॉक्टर झाला, सुई मारतो. ती लगेच म्हणली, त्याच्याकडं लेकराला नेऊ नका.

बोलता बोलता तिचं एक चालू होतं. खुर्चीच्या दांडीला दोरा बांधलेला आन् तिची बोटं त्याला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. तिकडं लक्षही न्हाई. मी म्हणलं, बाई, मी गंभीर बोलून राह्यलो आन् तुम्ही दोऱ्याशी खेळता. ती म्हणली, ही गाठ झोपेतही बसली पाहिजे, दादा. आधी दोरा जाड असतो, मंग केसाहून बारीक होतो, मंग तो डोळ्याला दिसतच न्हाई, दुर्बिणीतून बघून बांधावा लागतो. कोंबडीच्या तंगडीतल्या नसा शिवून शिवून शिकले, बाजारातून बकऱ्याच्या मुंड्या आणून त्यांच्यावर हात बसवला. (इथं मला जरा भूक लागली, पण दाखवली न्हाई.) मी म्हणलं, पण लेकराचं वेगळं खातं कशाला? डोकं ते डोकं, लहान काय आन् मोठं काय. तव्हा ती पहिल्यांदा हसली न्हाई. म्हणली, तुमच्या अंगातून वाटीभर रक्त गेलं तर तुम्ही उठून चहा प्याल. हिच्या सगळ्या अंगात मिळून मोठ्या तांब्याभर रक्त न्हाई, तिचं वाटीभर आम्ही सांडू शकत न्हाई. हिला थंडी वाजली तर हिचं काळीज मंद होतं, म्हणून तिथली खोली आम्ही उकळती ठेवतो आन् आम्ही घामानं भिजतो. हिची कवटी अजून जोडली न्हाई, मेंदू अजून वाढून राह्यला. आज आम्ही जे करू ते हिच्या पन्नास वर्षांच्या अंगाला पुरलं पाहिजे.

एवढं ऐकून दुसरा कोणी असता तर तिथंच सही केली असती. पण मी मुरलेला माणूस. मला वाटलं, बोलायला काय, आपल्याकडं बियाणं विकणारेही असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची फेरी निघाली. पुढं ते राव सर, नरसिंगराव, ठेंगणे, कानांवर पांढरे केस, आन् मागं पांढऱ्या कोटातली दहा-बारा पोरंपोरी. मी धोतर झटकलं, पांढरं उपरणं अंगभर घेतलं आन् मागल्या रांगेत मिसळलो. म्हणलं, बघू तरी काय शिकवतात. लालमियाँ, काय सांगू! आपल्या मास्तरांना मी उगा कडक म्हणत होतो. हा माणूस आवाज न चढवता असा सोलायचा की पोरांचे कान लाल. एका उंच पोराला विचारलं, ह्या लेकराच्या डोक्याचा घेर काल किती होता? त्याला आठवंना. सर म्हणले, "मग तू काल इथे आला होतास कशाला, बदकं बघायला?" (हे इंग्रजीत झालं, रहिमाबीच्या खाटेजवळच्या नर्सनं मला मतलब सांगितला, पुढचाही तीच सांगत राह्यली.)

मंग रेणूच्या खाटेशी थांबले आन् सुहासिनीला धरलं. मेंदूतलं पाणी काढायला नळी बसवली, लेकरू घरी गेलं, दोन महिन्यांनी नळी तुंबली, तर तुला कसं कळंल? ती धडाधडा सांगत गेली. उलटी, सुस्ती, टाळू फुगते, डोळे परत खाली उतरतात, रडं बारीक होतं. सर म्हणले, अजून? तिनं अजून सांगितलं. सर म्हणले, अजून? ती थांबली. घाम आला तिला. मला वाईट वाटलं, खरंच सांगतो, मी मागून ओठांनी काहीतरी सांगणार होतो पण मलाच ठाऊक न्हव्हतं. सरांनी सत्यशीलाकडं बोट केलं. म्हणले, "ही. आई म्हणाली की लेकरू नेहमीसारखं नाही, आणि तुझ्या सगळ्या खुणा म्हणाल्या की ठीक आहे, तर तुझ्या खुणा चुकल्या. लेकराला ठेवून घे." हे त्यांनी मुद्दाम तिथल्या दख्खनी बोलीत सांगितलं, सत्यशीलाला कळावं म्हणून. सत्यशीलानं पदर तोंडाला लावला.

आन् तेवढ्यात सरांची नजर माझ्यावर गेली. "और आप? आप कौनसे साल में हैं?"

आता समदी पोरं वळून बघून राह्यली. मी छाती काढली आन् म्हणलं, "हुज़ूर, दाख़िला आज ही लिया है. बच्ची का दादा हूँ." हशा झाला, पण सर हसले न्हाईत. मला बाजूला घेऊन म्हणले, "सही कायकू नहीं करते?" मी म्हणलं, साहेब, तुम्ही करा, मी आत्ता करतो. शिकाऊच्या हातात न्हाई देणार. ते म्हणले, माझा हात तिच्या हातावर राहील, पूर्ण वेळ. माझ्या हातावर माझ्या गुरूचा होता, आन् त्या दिवशी ज्या लेकराच्या आजोबानं सही केली तो तुमच्याच सारखा बाकावर बसून मला सवाल विचारत होता. त्यानं सही केली न्हसती तर आज मी तुमच्यासमोर न्हसतो. मी म्हणलं, मंग ते लेकरू? म्हणले, आता विजेच्या ऑफिसात हाय, बिलं चुकीची काढतो, बाकी तब्येत चांगली हाय.

मी सही केली. उर्दूत केली, नुक्त्यांसकट. खरं सांगू का, त्या माणसाच्या बोलण्यानं न्हाई केली. इतकी बोलणी खाऊनही ती पोरगी फेरी संपल्याबरोबर परत रेणूच्या खाटेशी सगळ्यांच्या आधी उभी होती, म्हणून केली. जिला रोज एवढं सोलतात ती कच्ची राहूच शकत न्हाई.

संध्याकाळी तिनं ती नळी दाखवली. मऊ, शेवईसारखी. कानाच्या मागं डोक्याला बारीक भोक, तिथून नळी मेंदूतल्या पाण्यात, आन् कातडीखालून गळ्यावरून छातीवरून पोटात. पोटात जास्तीची नळी वेटोळं करून ठेवायची, लेकरू जसं उंच होईल तशी ती उलगडत जाईल. 'भोक' म्हणताना तिनं बोटानं माझ्याच कानामागं जागा दाखवली. त्या वक्ताला मी जरा खाली बसलो. फरशी थंड होती आन् मला गरम होत होतं, इतकंच.

ऑपरेशनच्या दिवशी रेणूचे केस उतरवले. सरदारबी भाबींनी बांधलेला तावीज नर्सनं सोडून खाटेच्या गजाला बांधला, म्हणली इथूनही बघंल तो. सत्यशीला दाराकडं बघत बसली. मी तिला हसवायला अप्परावच्या पोराच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली, अर्ध्यात लक्षात आलं की ही सांगायची गोष्ट न्हाई, आन् ती तिथंच सोडली. मला आठवत राह्यलं की त्या खोलीत उकाडा हाय, आन् ते घामानं भिजून राह्यले असतील, आन् रेणूला गरम असंल. एवढ्यावरच मन धरून बसलो.

दार उघडलं. सुहासिनी आली. अंगावरचे हिरवे कपडे पाठीला चिकटलेले, तोंडावरचा कपडा गळ्यात. म्हणली, "हो गया दादा. अच्छा हुआ." मी तिला आशीर्वाद द्यायला उठलो. चांगलं वाक्य बनवून ठेवलं होतं, तीन इज़ाफतींचं, म्हणजे फार्सी पद्धतीनं शब्दाला शब्द जोडलेलं. लालमियाँ, उर्दू निघंना, मराठी निघंना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् तो तिथंच राह्यला. ती बिचारी वाकून उभी राह्यली, मी हात उचलेपर्यंत.

दोन दिवसांनी रेणूनं वर बघितलं. पहिल्यांदा! बघितलं आन् माझी मिशी धरली. सोडंना.

आता घरी येऊन समदं ठीक हाय. गावात लेकराच्या मेंदूबद्दल कोणालाही काही शंका असंल तर लोक माझ्याकडं येतात. (न आल्यास मी जातो.) फक्त गेल्या आठवड्यात रेणूला उलटी झाली तव्हा मी नळी तुंबली म्हणून जीप बोलावली, जाफराबादला फोन लावायला माणूस पळवला, आमच्या मंडळींना, तुळजाबाईला, रडायला लावलं. सत्यशीला आतून आली, रेणूकडं बघितलं आन् म्हणली, "केळं जास्त झालं." मी म्हणलं, मी खुणा ऐकल्यात. ती म्हणली, "आन् सरांनी काय सांगितलं ते ऐकलं न्हाई का?" जीप परत गेली. जीपवाला अजून माझ्याकडं बघून हसतो.

बाकी सर्व क्षेम. भाबींना सलाम, लहानांना आशीर्वाद, आन् टेम्पोला धक्का.

तुझा,
रखमाजी

ता. क. इथून पुढचं पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या तुझ्या नातीच्या हातातून काढून घे आन् चष्मा लावून स्वतः वाच. दवाखान्यातून रेणूला सुट्टी देली त्या दिवशी सुहासिनीनं मला हात पुढं करायला सांगितले. म्हणली, तुम्ही माझी परीक्षा घेत होता तव्हा दर थोड्या वेळानं हात झटकत होता, बोटांना मुंग्या येतात का? येतात म्हणलं. तिनं मला खालच्या मजल्यावर मोठ्यांच्या खात्यात धाडलं. तिथं कळलं, मनगटात नस दबली हाय. छोटं ऑपरेशन, भूलही पूर्ण देत न्हाईत, माणूस जागा असतो. लालमियाँ, जागा! दिवाळीनंतर रेणूला दाखवायला जायचंच हाय, तव्हा करून घ्या म्हणले. तू माझ्यासंगं चल. मला भीती वाटते असं न्हाई. माझी उर्दू त्यांना उंच पडते, म्हणून एक मधला माणूस पाहिजे. घरी मी असं सांगणार हाय की लालमियाँला मरायच्या आधी चारमिनार बघायचा हाय. तू हो म्हण.

दुसरा ता. क. तुळजाबाईला बिलकुल कळता कामा नये.

(वेगळ्या अक्षरात)

काका, मी सत्यशीला. पत्र टपालात टाकायला मामंजींनी माझ्याकडंच देलं. त्यांच्या हाताचं डॉक्टरबाईंनी त्यांच्याआधी मला सांगितलं होतं, तारीखही मीच घेऊन आले. नळी दाखवली तव्हा ते खाली बसले न्हव्हते, आडवे झाल्ते. चौघांनी उचलून लेकरांच्या खाटेवर टाकलं, पाय गुडघ्यापासून बाहेर. तुळजा आत्याबाईंना समदं माहीत हाय. त्या म्हणतात, तुम्ही जरूर चला आन् सरदारबीचाचींनाही आणा. तुम्ही दोघं दवाखान्यात बसा. चारमिनारला आम्ही बायका जाऊ, आम्हाला बांगड्या घ्यायच्या हायेत.